प्याल्याविना मेळा : थॉमस कुक यांचे चरित्र

दारू सोडणे हे एक काम आहे, व दारू सोडल्यावर चार माणसांत आनंदाने बसणे हे दुसरे काम आहे. पहिल्या कामाविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. दुसऱ्याविषयी फार थोडे. ज्याने खरोखर दारू सोडली आहे, त्याला थोड्याच दिवसांत असे कळून येते की, आपण केवळ प्याला दूर सारला नाही, तर त्या प्याल्याभोवती बसणारी मंडळीही आपल्यापासून दूर गेली आहे. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, बाजाराच्या दिवशी, जेथे पूर्वी त्याला हाक मारून बोलावीत, तेथे आता तो एकीकडे उभा राहतो. शरीराची तल्लफ त्याला छळतेच. परंतु हे एकटेपण तिच्याहून कमी छळत नाही. कित्येक जण तल्लफेने नव्हे, तर ह्या एकटेपणाला कंटाळून पुन्हा गुत्त्याची वाट धरतात.

ह्या दुसऱ्या कामात ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे घालविली, त्यांपैकी थॉमस कुक हे एक होते. प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या मोठ्या कंपनीचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. परंतु ते प्रथम एक गरीब कातारी व गावोगाव पायी फिरणारे उपदेशक होते, आणि त्यांनी नेलेली पहिली सहल ही दारू न पिणाऱ्यांचा मेळा होती, हे थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहोत.

थॉमस कुक यांचा जन्म इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात मेल्बर्न ह्या लहानशा गावी २२ नोव्हेंबर १८०८ रोजी झाला. ऑस्ट्रेलियातील मोठ्या मेल्बर्न शहराचे नाव ज्या लॉर्ड मेल्बर्न यांच्यावरून पडले, त्यांची पदवी ह्याच गावावरून होती. थॉमस अगदी लहान असतानाच त्यांचे वडील वारले. आई एलिझाबेथ ही एका बॅप्टिस्ट उपदेशकाची कन्या होती. तिने पुन्हा लग्न केले. परंतु घरची गरिबी काही हटली नाही. दहाव्या वर्षी थॉमस यांची शाळा सुटली व ते लॉर्ड मेल्बर्न यांच्या वतनातील मळ्यात मजुरीस राहिले. दिवसभर राबावे तेव्हा एक पेनी हाती पडे. पुढे चौदाव्या वर्षी ते आपल्या एका नातलगाच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले व तेथे सुतारकाम व कातारकाम शिकले.

इ. स. १८२६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मंडळीचे पाळक जोसेफ विंक्स हे छापखान्याच्या कामातही निष्णात होते. तरुणांस वाचनाची व लिहिण्याची गोडी लावावी, त्यांना काही उद्योग द्यावा, असा त्यांचा स्वभाव होता. पुढे कुक यांनी जो छापखाना घातला व जी पत्रके, मासिके व मार्गदर्शक पुस्तके काढली, त्यांचे बीज ह्याच संगतीत पडले.

इ. स. १८२८ मध्ये कुक यांस गावोगावी सुवार्ता सांगण्याच्या कामावर नेमण्यात आले. त्यांनी आपल्या प्रवासाचा बारीक हिशेब ठेविला होता. १८२९ ह्या एका वर्षात त्यांनी २,६९२ मैल प्रवास केला. त्यांपैकी २,१०६ मैल ते पायी चालले. आमच्या वाचकांत जे उपदेशक आहेत, त्यांस ह्या आकड्याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. ऊन, पाऊस व चिखल ह्यांतून एका खेड्याहून दुसऱ्या खेड्यास जायचे, कोणाच्या तरी ओसरीवर किंवा खळ्यात चार माणसे जमवायची, व रात्र जेथे पडेल तेथे काढायची, असा त्यांचा क्रम होता. ह्याच फिरतीत बॅरोडन गावी मेरियन मेसन ह्या शेतकऱ्याच्या कन्येशी त्यांची ओळख झाली. ती शब्बाथशाळेत शिकवीत असे. पुढे मंडळीजवळ उपदेशकाच्या पगारास पैसा उरला नाही, तेव्हा कुक पुन्हा आपल्या कातारकामाकडे वळले व मार्केट हार्बरो ह्या गावी येऊन राहिले. तेथे स्थिरस्थावर होताच २ मार्च १८३३ रोजी त्यांचा मेरियनशी विवाह झाला.

आता त्या काळी इंग्लंडात दारूची काय स्थिती होती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढील गोष्टीचे मर्म ध्यानात येणार नाही. शहरांतील पाणी घाण असे व ते पिऊन लोक आजारी पडत. म्हणून बिअर हे पेय नसून अन्नच आहे, असे लोक मानीत. पुष्कळ घरांतून मुलांसही पातळ बिअर देत. १८३० साली सरकारने असा कायदा केला की, जो कोणी दोन गिनी भरील त्याला बिअरचे दुकान उघडण्याची मोकळीक असावी. त्याबरोबर थोड्याच काळात हजारो नवी दुकाने निघाली. परंतु दारूचे बळ केवळ दुकानांच्या संख्येत नव्हते. गावातील साऱ्या व्यवहाराची गाठ गुत्त्याशी घातलेली होती. पुष्कळ ठिकाणी मजुरांचा पगार गुत्त्यात वाटीत. नवा उमेदवार कारखान्यात आला म्हणजे त्याने सर्वांस दारू पाजावी अशी रीत होती. दुखण्याखुपण्यात व मरणात साहाय्य करणारी मजुरांची मंडळेही गुत्त्याच्याच खोलीत भरत, व जागेचे भाडे म्हणून सभासदांनी तेथे दारू विकत घ्यावी, अशी अपेक्षा असे. हिवाळ्यात ऊब, उजेड व बोलायला माणूस ही तिन्ही एकत्र मिळण्याचे ठिकाण गरिबाला एकच होते, व ते म्हणजे गुत्ता. अशा स्थितीत जो कोणी दारू सोडी, तो आपले मित्र, आपली करमणूक व कधीकधी आपले कामही गमावून बसे.

सुरुवातीच्या मद्यपाननिषेधक मंडळ्या केवळ कडक दारू वर्ज्य करीत. बिअर चालू ठेवीत. पुढे प्रेस्टन गावी जोसेफ लिव्हसी व त्यांचे सोबती, असे एकंदर सात जण, १ सप्टेंबर १८३२ रोजी एकत्र आले व त्यांनी सर्वच मादक पेये पूर्णपणे सोडण्याची शपथ घेतली. लिव्हसी हे स्वतः गरिबीतून वर आलेले पनीरचे व्यापारी होते. लोकांची दारू सोडवायची तर त्यांना तिच्या जागी काहीतरी दिले पाहिजे, हे त्यांच्या चळवळीने लवकरच ओळखले. म्हणून ह्या लोकांनी मोठमोठे चहापान समारंभ भरविण्यास आरंभ केला. लांबच लांब मेजे मांडीत, ती फुलांनी व पानांनी सजवीत, आणि जे कालपर्यंत गुत्त्यात लोळत असत ते पुरुष आज अंगावर स्वच्छ आंगरखा घालून आलेल्यांस चहा वाढीत. बायकामुले त्यांच्याबरोबर येत. हीच गोष्ट मोठी होती. कारण गुत्त्यातील सुख पुरुष एकटाच भोगी व त्याची किंमत बायकामुले घरी उपाशी राहून देत.

कुक यांनी १८३३ च्या आरंभी मद्यपाननिषेधाची पहिली शपथ घेतली व १८३६ मध्ये ते सर्व मादक पेयांपासून पूर्णपणे अलिप्त झाले. मार्केट हार्बरो येथे त्यांनी आपल्या पत्नीच्या साहाय्याने मंडळ स्थापिले. ते काम गावातील पुष्कळांस रुचले नाही. कुक यांच्या घराच्या खिडक्या फोडण्यात आल्या व सभांत दंगे झाले. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. ते पत्रके छापून वाटू लागले, मुलांकरिता मद्यपाननिषेधाचे एक मासिक काढले, आणि जेथे सभा असेल तेथे चालत जाऊ लागले.

९ जून १८४१ रोजी अशाच एका सभेसाठी ते मार्केट हार्बरोहून लेस्टर शहराकडे पायी निघाले होते. हे अंतर सुमारे पंधरा मैलांचे आहे. त्या प्रांतात नुकतीच आगगाडी सुरू झाली होती. चालता चालता त्यांच्या मनात विचार आला की, हे जे नवे वाहन निघाले आहे, ते आपल्या कामी का लावू नये? पुढील महिन्यात लाफबरो येथे मद्यपाननिषेधकांची मोठी सभा भरायची होती. तेथे जायला एक खास गाडी मिळाली, तर शेकडो गरीब माणसांस एक दिवस मोकळ्या हवेत, चांगल्या संगतीत घालविता येईल. लेस्टर येथे त्यांनी ही कल्पना सभेपुढे मांडली. लोकांनी ती उचलून धरली. लगेच कुक यांनी मिडलंड कौंटीज रेल्वेचे चिटणीस जॉन फॉक्स बेल यांची भेट घेतली. बेल यांस हा मनुष्य अपरिचित होता. तरी त्यांनी गाडी देण्याचे कबूल केले व आरंभीच्या खर्चासाठी काही रक्कमही दिली.

५ जुलै १८४१ रोजी ती गाडी लेस्टरहून निघाली. सुमारे ५०० माणसे तीत बसली होती. बसली असे म्हणतो, परंतु बहुतेकांस बाकेही नव्हती. वर छप्पर नसलेल्या उघड्या डब्यांत ती दाटीने उभी होती. अंतर अकरा-बारा मैलांचे, व जाण्यायेण्याचे भाडे माणशी एक शिलिंग. गाडीत वाजंत्री होती. रुळाच्या दोन्ही बाजूंस व पुलांवर लोक गाडी पाहण्यास लोटले होते. लाफबरो येथे उतरल्यावर निशाणे घेऊन मिरवणूक निघाली व पॅजेट नावाच्या गृहस्थांनी मोकळ्या करून दिलेल्या बागेत सर्व मंडळी जमली. इतर गावांचेही लोक आले होते. तेथे पाव व डुकराचे खारवलेले मांस ह्यांचे जेवण झाले, पुष्कळ चहा झाला, आणि मग खेळ सुरू झाले. कोणी चेंडूफळी खेळले, कोणी पकडापकडी, कोणी आंधळी कोशिंबीर. वाजंत्रीच्या तालावर काहींनी नाचही केला. प्रौढ माणसे, ज्यांनी कित्येक वर्षांत गुत्त्याबाहेर हसणे सोडले होते, ती लेकरांबरोबर धावली. सायंकाळी भाषणे झाली. आणि रात्री साडेदहाच्या सुमारास गाडी सर्वांस घेऊन लेस्टरच्या स्थानकात परत आली.

इंग्लंडात ह्यापूर्वीही सहलीच्या गाड्या सुटल्या होत्या. तेव्हा ही सर्वांत पहिली सहल होती असे म्हणणे खरे होणार नाही. परंतु ह्या एका दिवसात कुक यांनी काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी लोकांस केवळ भाषण ऐकायला नेले नाही. भाषणे होती, पण ती जेवण व खेळ झाल्यावर. त्यांनी हाताला काम दिले, पायाला मैदान दिले, पोटाला अन्न दिले व कानाला वाजंत्री दिली. त्यांनी नवरा, बायको व मुले ह्या सर्वांस एकाच डब्यात आणिले. दर इतका ठेविला की, मजुराला दारूचा खर्च वाचवून तो देता यावा. आणि जाण्याची व परत येण्याची वेळ ठरलेली असल्यामुळे, रिकाम्या सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप गुत्त्याकडे वळण्यास जी सवड मिळते, ती उरली नाही. दारूवाचून गंमत नाही, असे म्हणणाऱ्यांस शब्दांनी उत्तर देण्याऐवजी त्यांनी ती गंमत करूनच दाखविली.

त्याच वर्षी कुक लेस्टर येथे राहण्यास गेले व तेथे त्यांनी छापखाना व पुस्तकांचे दुकान घातले. पुढील तीन उन्हाळे ते शब्बाथशाळा व मद्यपाननिषेधक मंडळ्या ह्यांच्यासाठी अशाच सहली काढीत राहिले. त्यांत त्यांस काही नफा नव्हता. १८४३ मधील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लेस्टर येथे दरवर्षी घोड्यांच्या शर्यती होत, व त्या दिवसांत शहरात दारूचा व जुगाराचा पूर लोटे. मुलांनी तेथे जाऊ नये म्हणून शिक्षक व आईबाप त्यांस बजावीत. पण शहरभर जत्रा भरली असता मुलांस घरी डांबून ठेवणे किती कठीण असते, हे कोणास ठाऊक नाही? कुक यांनी शर्यतीच्या दिवसांत गाड्या ठरविल्या व शब्बाथशाळांतील सुमारे ३,००० मुलांस शिक्षकांसह डर्बी शहर पाहण्यास नेले. वाईट मेळ्याला जाऊ नका, एवढे सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी मुलांपुढे दुसरा, अधिक चांगला मेळा ठेविला.

१८४५ मध्ये त्यांनी नफ्यासाठी पहिली सहल काढली. ती लिव्हरपूल बंदराची होती. पहिल्या वर्गाचे भाडे पंधरा शिलिंग व दुसऱ्याचे दहा शिलिंग होते. कुक यांनी आधी स्वतः तो सर्व मार्ग पाहून, उतरण्याच्या जागा ठरवून, प्रवाशांसाठी एक लहान पुस्तक छापिले. पुढील वर्षी, १८४६ मध्ये, ते सुमारे ३५० लोकांस स्कॉटलंडात घेऊन गेले. ह्या प्रवासात हाल फार झाले. आगगाडीत प्रातर्विधीची सोय नव्हती. आगबोटीत सर्वांस खोल्या पुरल्या नाहीत व कित्येकांनी रात्र पावसात उघड्यावर काढली. ग्लासगो शहरात मात्र वाजंत्री लावून त्यांचे स्वागत झाले. त्याच वर्षी कुक यांचे दिवाळे वाजले. दुसरा कोणी असता तर येथेच थांबता. पण त्यांनी छापखाना पुन्हा उभा केला, देणेकऱ्यांशी समेट केला, व पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लोकांस घेऊन निघाले.

इ. स. १८५१ मध्ये लंडन येथे सर्व राष्ट्रांच्या कारागिरीचे मोठे प्रदर्शन काचेच्या महालात भरले. तो महाल ज्यांनी उभारला, त्या जोसेफ पॅक्स्टन यांनी कुक यांस मजुरवर्गाला प्रदर्शनास आणण्याची विनंती केली. कुक यांनी आपल्या सतरा वर्षांच्या जॉन ह्या मुलास बरोबर घेऊन गिरण्या व कारखाने ह्यांच्या दारी फेऱ्या घातल्या, आठवड्यास थोडीथोडी रक्कम जमा करण्याची मंडळे स्थापिली, व ह्या कामासाठी एक वर्तमानपत्रही काढले. स्पर्धेमुळे भाडे पाच शिलिंगांपर्यंत उतरले. अशा रीतीने दीड लाखाहून अधिक माणसांस त्यांनी लंडन दाखविले. त्यांतील पुष्कळांनी त्यापूर्वी आपल्या परगण्याची हद्दही ओलांडली नव्हती. जो मजूर आपली आठवड्याची शिल्लक गुत्त्यात टाकी, तोच ती आता प्रदर्शनाच्या मंडळात टाकू लागला; कारण त्याला पुढे काहीतरी पाहायचे होते.

ह्या प्रदर्शनाची आणखी एक गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगी आहे. महालाच्या आत दारू विकण्यास मनाई होती. एवढे गरीबगुरीब एका जागी जमले तर दंगा होईल, अशी मोठमोठ्या लोकांस भीती वाटत होती. साडेपाच महिन्यांत साठ लाखांहून अधिक प्रवेश झाले. आणि दंगा काही झाला नाही. लोकांनी चहा, कॉफी, लिंबाचे सरबत, आल्याचे पेय व सोडा घेतला. एकट्या श्वेप्स कंपनीच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या खपल्या. मनुष्यास तहान लागते हे खरे. पण ती तहान दारूचीच असते असे नाही, हे साऱ्या राष्ट्राने पाहिले.

१८५३ मध्ये कुक यांनी लेस्टर शहरात एक खाणावळ व उतारूंची वसतिगृहे असलेली जागा बांधिली. तेथे दारू मिळत नसे. तिची सारी व्यवस्था मेरियनबाईंकडे असे. तिच्या शेजारीच त्या वर्षी मद्यपाननिषेधकांचे मोठे सभागृह उभे राहिले. तेथे व्याख्याने, गायनवादन व मेळावे होत. दारू सोडणाऱ्यास सायंकाळी जायला एक उजेडाची व उबेची जागा हवी, हा जो प्रश्न होता, त्याचे हे विटाचुन्याचे उत्तर होते. थंडीच्या व टंचाईच्या दिवसांत कुक यांनी गरिबांसाठी कढण वाटण्याची केंद्रेही चालविली.

पुढे कामाचा पसारा वाढतच गेला. १८५५ मध्ये ते युरोप खंडात व १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरांत प्रवासी घेऊन गेले. १८६९ च्या वसंतऋतूत त्यांनी मिसर देश व पवित्र भूमी ह्यांची पहिली यात्रा नेली. ज्या स्थळांची नावे त्यांनी खेड्यापाड्यांत पायी फिरून लोकांस सांगितली होती, ती त्यांनी आता डोळ्यांनी पाहिली. १८७२ च्या सप्टेंबरात एक लहान मंडळी घेऊन ते पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर व सिलोन करून ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्यास उतरून, काशी, आग्रा, दिल्ली पाहत, आगगाडीने देश ओलांडून ते मुंबईस पोहोचले व तेथून आगबोटीने मिसराकडे गेले. ही सारी प्रदक्षिणा २२२ दिवसांची झाली. मुंबईशी ह्या नावाचा संबंध येथेच संपला नाही. १८८१ मध्ये त्यांच्या कंपनीने मुंबईत कचेरी उघडली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धंदा जसा वाढला, तसा दारूविना मेळा हा जो त्याचा मूळ हेतू, तो मागे पडत गेला. युरोपात व नाईल नदीवर जे श्रीमंत प्रवासी त्यांच्याबरोबर जात, त्यांनी दारू सोडलेली असावी अशी काही अट नव्हती. कुक स्वतः आपल्या शपथेस अखेरपर्यंत जागले. परंतु त्यांचे चिरंजीव जॉन हे व्यवहारात अधिक दक्ष होते, व धर्मकार्य आणि धंदा ह्यांची सरमिसळ त्यांस पसंत नव्हती. पितापुत्रांत ह्या व इतर कारणांवरून वारंवार खटके उडाले. अखेर १८७८ मध्ये थॉमस कुक धंद्यातून निवृत्त झाले. जी संस्था त्यांनी आपल्या हातांनी उभारली, तिच्यात त्यांचा शब्द चालेनासा झाला. त्यानंतर १८८० मध्ये त्यांची एकुलती एक कन्या ॲनी हिचा स्नानगृहात, पाणी तापविण्याच्या गॅसच्या यंत्रातून निघालेल्या विषारी वायूने मृत्यू झाला, व १८८४ मध्ये मेरियनबाई वारल्या. वृद्धापकाळी त्यांची दृष्टीही गेली. ज्याने हजारो लोकांस पृथ्वीचे सौंदर्य दाखविले, त्याला शेवटची वर्षे अंधारात काढावी लागली.

तरी त्या दिवसांतही त्यांचे मन आपल्या जन्मगावाकडे व गरिबांकडे होते. पहिल्या सहलीस पन्नास वर्षे झाली, त्या १८९१ साली, त्यांनी मेल्बर्न येथे आपल्या मंडळीतील गरीब वृद्धांसाठी चौदा लहान घरे, एक उपासनागृह, भट्टी व धुण्याची जागा बांधून दिली. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. ती घरे आजही उभी आहेत. लेस्टरच्या रेल्वे स्थानकाबाहेर १९९४ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्या नावाची इंग्लंडातील कंपनी मात्र कर्जात बुडून २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. मुंबईत मुख्य कचेरी असलेली हिंदुस्थानातील कंपनी त्याआधीच वेगळ्या मालकीत गेली असल्यामुळे तगली.

प्रिय वाचकहो, मोठी कंपनी आली व गेली. पण १८४१ सालच्या त्या एका दिवसातील शिकवण अद्याप शिळी झालेली नाही. त्या दिवसास लागलेले साहित्य आपण मोजून पाहू या : चहा, पाव, एक मोकळे आवार, वाजंत्री, काही खेळ, आणि ज्यांनी आधी विचार करून व्यवस्था केली असे थोडे लोक. आगगाडी सोडल्यास ह्यांतील कोणती वस्तू खेड्यातील लहान मंडळीस मिळण्यासारखी नाही? उघडे अंगण आहे, गूळ आहे, चहा आहे, डफ व टाळ आहेत, लंगडी व हुतुतू आहेत, आणि गाणारे गळे तर कोठेच कमी नाहीत.

जो मनुष्य दारू सोडून नुकताच आपल्यात आला आहे, त्याला अशा मेळ्यात पहिल्या खेपेस अवघडल्यासारखे वाटेल, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. हातात प्याला नसला म्हणजे हात कोठे ठेवावे, हे त्याला समजत नाही; दारूच्या जोरावर जी जीभ सैल सुटे, ती आता अडखळते. त्याला भाषण ऐकवीत बसू नये. त्याच्या हाती चहाची किटली द्यावी, वाढायला सांगावे, सतरंजी अंथरायला सांगावी, खेळात एका बाजूचा गडी करावा. ज्याच्यावाचून एखादे काम अडते, त्याला आपण परके आहोत असे फार वेळ वाटत नाही. दोनचार वेळा असे झाले म्हणजे त्याची जीभ आपोआप मोकळी होते, आणि मग सकाळी डोके न दुखता कालचा सारा आनंद आठवतो, हे सुख त्याला कळू लागते.

लग्नकार्य, पीकपाण्याचा सण, पाहुण्यांचे येणे हे प्रसंग तर वर्षभर येतच राहणार. त्या प्रसंगी दारू ठेवू नये, इतका ठराव करून मंडळीने स्वस्थ बसू नये. तिच्या जागी काय ठेवायचे, कोणी वाढायचे, कोणी गायचे व कोणता खेळ खेळायचा, हे आठवडाभर आधी ठरवावे. उपदेशकाने दारू सोडलेल्या मनुष्याचे नाव वहीत लिहिताना त्याच्या नावापुढे हेही लिहून ठेवावे की, येत्या बाजाराच्या दिवशी सायंकाळी हा कोणाच्या घरी बसणार आहे.